मापाड्यानं पुकारलेलं वजन

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
२९ नोव्हेंबर २०२५

चि. सत्यभामा,

तुझी नात तनुजा इथं सुखरूप आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं दमानं वाचशील. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि आमच्या घरात फोनवर मोठ्यानं बोललं की खालच्या मजल्यापर्यंत जातं. म्हणून पत्र. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, चुका काढू नको.

दिवाळीनंतर तू तिला माझ्याकडं पाठवलंस, त्याला महिना झाला. पोरगी पाचला उठते. अंथरुणाची घडी घालते. सूनबाईनं सांगायच्या आत पाणी भरते. काल माझा सुदर्शन जेवताना म्हणाला, "संस्कृती, तनूकडून शिक जरा." संस्कृती त्याची सख्खी मुलगी, माझी एकुलती नात. चार वर्षं झाली, ती इथल्या क्रीडा संकुलात वजन उचलण्याचा खेळ खेळते. तनू तोच खेळ वैजापुरात शाळेच्या पडवीत शिकली. आता शिकायचं कुणी कुणाकडून? ताकाची वाटी माझ्या हातून सांडली.

परवा बातमी आली ती तुझ्यापर्यंत पोचली असेल. २०३० साली राष्ट्रकुल खेळ आपल्या देशात, अहमदाबादला होणार. सत्तरच्या वर देश येणार. दोघींना शिकवणाऱ्या रत्नमाला मॅडम घरी पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "आबा, आपल्याच देशात खेळ. या पोरी तेव्हा ऐन भरात असतील." त्यासाठी आत्तापासून पोरी निवडून शिबिरात ठेवणार आहेत. पहिली चाचणी जानेवारीत.

पण मला एक कोडं पडलंय. देशानं पाहुणे बोलवायचे, त्यांना राहायला घर द्यायचं, जेवू घालायचं, आणि मग त्यांच्याच विरुद्ध खेळायला उतरायचं? ज्याच्या घरची पंगत तो आधी पाहुण्यांना वाढतो, स्वतः शेवटी बसतो. इथं यजमानच पहिल्या ताटाकडं बघतोय. सुदर्शनला विचारलं तर तो हसला. तुला काय वाटतं?

पोरीच्या पाठीची मला काळजी वाटते. गुडघ्यांचीपण. संकुलापर्यंत जाताना चौकात गाड्या कशा अंगावर येतात ते बघितलं तर तू तिला उद्याच घेऊन जाशील.

कडुबा


वैजापूर
८ डिसेंबर २०२५

दादा,

तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, पोरगी तुझ्याकडं पाठवली का दवाखान्यात. अरे, तिनं तिसरीत असताना पिठाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणी गाठली होती. तिच्या पाठीला काय होतंय! तुझीच पाठ सांभाळ.

तुझं कोडं मी आमच्या शेजारच्या पारूबाईला सांगितलं. ती म्हणाली, "जत्रेत कुस्त्यांचा फड गावच भरवतं का नाय? मग गावचा पैलवान काय नारळ वाढवायला बसतो व्हय? तोबी लंगोट लावून उतरतो." मला पटलं. यजमानानं उतरावं. फक्त आखाड्यातली माती सगळ्यांना सारखी पाहिजे.

राजेंद्र आधी तनूला पाठवायला तयार नव्हता, हे तुला माहीत आहे. बापाचं मन. दिवसभर कांद्याची पिकअप चालवतो आणि मुलीची काळजी करतो. मी त्याला म्हणलं, कडुबा मामाच्या घरी चाललीय. या बाजार समितीत ज्यानं चाळीस वर्षं मापाडी म्हणून काटा धरला आणि ज्याच्या मापावर एका शेतकऱ्यानं कधी बोट ठेवलं नाय, त्याच्या घरी. तेव्हा तो तयार झाला.

तिला उपाशी नको ठेवू. आणि लाडावूनपण नको ठेवू.

तुझी सत्यभामा


गारखेडा
२७ डिसेंबर २०२५

चि. सत्यभामा,

मला काम लागलंय. या खेळात वजनाचे गट असतात. तनू आणि संस्कृती दोघी अठ्ठेचाळीस किलोच्या गटात. चाचणीच्या दिवशी अठ्ठेचाळीसच्या वर एक ग्रॅम भरलं तरी बाहेर. मॅडमनी घरी एक काचेचा काटा आणून दिला आणि म्हणाल्या, "आबा, तुम्ही मापाडी होता ना? मग रोज सकाळी दोघींचं वजन तुम्ही बघायचं." मी ट्रंकेतलं माझं शिक्क्याचं दहा किलोचं माप काढलं. रोज आधी ते काट्यावर ठेवतो. काटा खरा बोलला की मग पोरींना उभं करतो.

संस्कृती शहरातली. काट्यावर चढली की स्वतःच वाकून आकडा बघते. तनू बघत नाही. डोळे मिटून उभी राहते आणि म्हणते, "आबा, पुकारा." तिनं लहानपणी तुझ्याबरोबर बाजार समितीत बघितलंय ते. मापाडी वजन मोठ्यानं पुकारतो आणि शेतकरी काट्याकडं न बघता मान हलवतो. मापाड्यानं पुकारलं की तेच वजन. मी पुकारतो, "सत्तेचाळीस नऊशे!" मग ती डोळे उघडते. सूनबाईला याची फार गंमत वाटते.

आता खरं ते लिहितो. तनू संस्कृतीपेक्षा सहा किलो जास्त उचलते. दोन महिन्यांत. पेपरवाला आला होता. त्यानं दोघींचे फोटो काढले आणि छापला तो एकटीचा, तनूचा. खाली लिहिलं, 'वैजापूरची आशा'. संस्कृतीनं तो पेपर घडी करून टेबलावर ठेवला आणि न्हाणीत गेली. नळ सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना. मी दाराबाहेर उभा होतो. आजा असून मला दार वाजवता आलं नाही.

अठ्ठेचाळीसच्या गटातून एकच पोरगी घेणार आहेत. माझ्या घरात दोघी, आणि जागा एक.

संस्कृतीचं वजन मुळातच साडेसत्तेचाळीस. तनूचं सारखं रेघेवर असतं, तिला रोज काटकसर करावी लागते. मग तिनं वरच्या, त्रेपन्नच्या गटात खेळलं तर काय बिघडलं? पोटभर खाईल तरी. तू आजी आहेस. तू सांगितलंस तर ती ऐकेल. मी सांगितलं तर लोक म्हणतील, आपल्या नातीसाठी सांगतोय.

कडुबा


वैजापूर
६ जानेवारी २०२६

दादा,

लोक म्हणतील ते खरंच असंल की.

रागावू नको. तू पाच वर्षांचा होतास आणि मी रांगत होते, तेव्हा आईनं माझ्या भाताव‍र तूप जास्त वाढलं म्हणून तू दोन्ही ताटं शेजारी ठेवून बोटानं मोजत होतास. आई मरेपर्यंत हे सांगून हसायची. तुझं वय शहात्तर झालं, पण नजर अजून दुसऱ्याच्या ताटावर.

कोणी कोणत्या गटात खेळायचं ते मॅडम ठरवतील. मी बाजार समितीच्या पुढं काही बघितलं नाय, मी काय सांगू? तनूनं फोनवर बापाला सांगितलं, "आबा रोज वजन करतात, मला भीती नाय." एवढं मला पुरे आहे. संस्कृतीला म्हणावं, वैजापूरच्या आजीनं तुझ्यासाठीपण ग्रामदेवीला नारळ बोललाय. कुणाचा फुटायचा ते देवी बघंल.

संक्रांतीचे तिळाचे लाडू आमच्या गल्लीतल्या कारभारीच्या हाती पाठवते. त्याची मोटारसायकल तिकडं येणारच आहे. सगळ्यांना दोन दोन, तनूला चाचणी झाल्यावर. पक्का पाक झालाय, तुझे दात सांभाळ.

सत्यभामा


गारखेडा
२० जानेवारी २०२६

चि. सत्यभामा,

राजेंद्र येऊन तनूला घेऊन गेला, तेव्हा काय झालं ते तुला कळलंच असेल. तरी माझ्याकडून ऐक.

रविवारी चाचणी होती. वजन करायला एक तास देतात. त्या तासात कितीही वेळा काट्यावर चढता येतं, तास संपला की दार बंद. संस्कृती पहिल्या झटक्यात आत गेली. तनू चढली आणि तिथला पंच म्हणाला, "अठ्ठेचाळीस तीनशे पन्नास." पोरगी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हणाली, "नाही सर, पुन्हा बघा."

मग मॅडमनी तिला दोन स्वेटर घालून मैदानाभोवती पळवलं. दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. थुंकायला लावलं, बाई. तोंडात चिंच धरून भांड्यात थुंकत होती पोरगी. चाळीस मिनिटांनी एकशे दहा ग्रॅम जास्त. मॅडमनी कात्री आणली. तनूनं विचारलंसुद्धा नाही, पाठ फिरवून उभी राहिली. तू तेल घालून वाढवलेली वेणी होती. कापली. तरी चाळीस ग्रॅम उरले. एका लिंबाएवढं. तास संपला.

संस्कृतीची निवड झाली. पुढच्या महिन्यात शिबिराला जाईल. सूनबाईनं गल्लीत पेढे वाटले, पण आवाज न करता.

कसं झालं म्हणशील तर काय सांगू. घरात लाडवांचा डबा होता. लेकराला मोह आवरला नसेल. तू प्रेमानं पाठवलेस, तुझा काही दोष नाही.

कडुबा


वैजापूर
२८ जानेवारी २०२६

दादा,

दोष माझाच आहे. लाडू मी पाठवले.

तनू घरात कुणाशी बोलत नाय. डोक्याला रुमाल बांधून बसती. मी विचारलं, किती खाल्लेस गं? म्हणाली, "अर्धा, आजी. सकाळी, आबांनी वजन केल्यावर." राजेंद्र ओरडला, "अर्ध्या लाडवानं साडेतीनशे ग्रॅम वाढतंय व्हय? खोटं बोलती! जिला जिभेवर ताबा नाय तिला कशाला परक्या गावात ठेवायचं?" त्यानं तिचे वजन उचलायचे बूट शेजारच्या कृष्णाला देऊन टाकले. म्हणतो, आता खेळ बास, बारावी कर, मग बघू. 'मग बघू' म्हणजे काय ते तुला कळतंय. आमच्या गल्लीत सतरा-अठराच्या मुलीचं 'मग बघू' एकच असतं.

मी त्याच्या पाया पडायची बाकी आहे. म्हणलं, माझ्या लाडवाची शिक्षा तिला नको. ऐकत नाय.

एक विचारते. तनू म्हणती, त्या सकाळी तू सत्तेचाळीस आठशे पुकारलंस. दोनशे ग्रॅमची मोकळीक होती म्हणून ती चहा प्याली, पाणी प्याली आणि अर्धा लाडू खाल्ला. मी म्हणलं, दादा चुकायचा नाय, त्या काचेच्या काट्यातच काही बिघाड असंल. तसंच ना?

सत्यभामा


गारखेडा
४ फेब्रुवारी २०२६

चि. सत्यभामा,

पत्र मिळालं. थंडीनं माझे हात वळतात, म्हणून थोडक्यात लिहितो. काट्याचं मी बघतो. आजकालच्या वस्तूंचं काही सांगता येत नाही. संस्कृतीला शिबिराचा निळा पोशाख मिळाला. फोटो पाठवत होतो, पण तुला वाईट वाटेल म्हणून राहू दिला. राजेंद्रला म्हणावं, घाई करू नको.

कडुबा


वैजापूर
१० फेब्रुवारी २०२६

दादा,

फोटो पाठवायचा होतास. संस्कृतीपण माझीच आहे.

राजेंद्रला मी सांगितलं की काटा खराब होता. तो हसला. म्हणाला, "कडुबा मामा काट्याला फसला? रोज शिक्क्याचं माप ठेवून बघणारा माणूस? आई, नातीवर पांघरूण घालू नको." म्हणजे बघ, तुझ्या इमानाची एवढी ख्याती की त्यामुळं माझी तनू खोटी ठरली.

आता तूच लिही. तुझ्या हातानं राजेंद्रला एक ओळ लिही, 'त्या दिवशी काटा बिघडला होता, पोरीची चूक नाही.' तू लिहिलंस तर तो मानील. कृष्णाकडून बूट परत आणायला त्याला कारण लागतंय, दुसरं काही नाय. एक ओळ, दादा. येत्या सोमवारपर्यंत पोचली पाहिजे. त्याच्या साडूनं कुठलं तरी स्थळ सांगितलंय आणि हा ऐकून घेतोय.

सत्यभामा


गारखेडा
१४ फेब्रुवारी २०२६

सत्यभामा,

हे पत्र कारभारीच्या हाती देतोय, म्हणजे सोमवारच्या आत पोचेल. राजेंद्रलापण वाचून दाखव. तनूलापण.

तू मागितलेली ओळ लिहायला मी तीनदा बसलो. 'काटा बिघडला होता' एवढे तीन शब्द. लिहिले असते तर सगळं निभावलं असतं. तनू सुटली असती, मीपण सुटलो असतो. पण हात चालेना. लाडवावर आळ घातला तेव्हा मला काही वाटलं नाही. पोरीच्या जिभेवर घातला तेव्हाही झोप लागली. काट्यावर मात्र घालवेना. तू म्हणशील, माणसापेक्षा याला काटा मोठा. असेल तसं. चाळीस वर्षं मी जे धरून जेवलो, ते खोटं होतं असं मला लिहिता आलं नाही.

काटा खरा होता. खोटा मी बोललो.

त्या सकाळी साडेसहाला दोघींना उभं केलं. संस्कृतीनं स्वतः बघितलं, सत्तेचाळीस सहाशे. मग तनू चढली. डोळे मिटून म्हणाली, "आबा, पुकारा." काट्यावर अठ्ठेचाळीस दीडशे होते. दीडशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही. मी खरं सांगितलं असतं तर तिनं चहा टाळला असता, दहा मिनिटं पळाली असती आणि जागेवर आली असती. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच. तेवढ्यात दारात सुदर्शन आला. स्वतःच्या मुलीकडं बघितलंपण नाही, म्हणाला, "तनू, आज मैदान मारायचं हां!" आणि माझ्या तोंडातून निघालं, "सत्तेचाळीस आठशे."

तनू हसली. म्हणाली, "मग पाणी पिऊ का आबा?" मी म्हणालो, पी. चहा पिऊ का? पी. डबा मीच काढला. अर्धा लाडू मीच मोडून हातावर ठेवला. तुझ्या लाडवाचा दोष नाही, हे मी तुला लिहिलं होतं. ते तेवढं खरं होतं.

मला कुणी फसवलं नाही, कुणी सांगितलं नाही. मला ती पोरगी आवडते आणि तिचं कौतुक सोसत नाही. दोन्ही एकाच वेळी. माझ्या ताटातली पोळी तिच्याकडं सरकतेय असं वाटायचं. आपल्या घरी पाहुणी येऊन आपल्याच लेकराला मागं टाकते, आणि घरातले सगळे टाळ्या वाजवतात. मी कुणाजवळ बोलायचं? तुझ्याजवळ बोललो, तर तू तुपाची गोष्ट काढून हसलीस.

कालच मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आबा, झालेला निकाल आता बदलत नाही." पण एप्रिलच्या शेवटी त्रेपन्नच्या गटाची एक चाचणी बाकी आहे. तिथल्या पोरी अंगानं मोठ्या आहेत. तनूला अवघड जाईल, पण त्या तयार करतील. तिला पाठवायचं का, ते राजेंद्रनं ठरवावं.

घरी सांगितलं. सुदर्शन उठून बाहेर गेला. संस्कृती तिची बॅग भरत होती, उद्या शिबिराला निघायची आहे. ती म्हणाली, "आबा, म्हणजे मी हरणार असं तुम्हाला नक्की वाटत होतं." मी म्हणालो, नाही गं. ती म्हणाली, "वाटत होतं. नाहीतर तुम्ही खरं तेच पुकारलं असतं." तिच्यासाठी केलं म्हणायला गेलो, तर तिलाच आधी लागलं.

कडुबा


वैजापूर
२ मार्च २०२६

दादा,

राजेंद्रला वाचून दाखवलं. तो मध्येच उठला आणि गाडी काढून गेला. सांजच्याला आला तो बूट घेऊन. कृष्णानं एकदाच घातले होते, जराही झिजले नाहीत. साडूला फोन करून सांगितलं, एवढ्यात बघायचं नाय.

मला वाटलं होतं तशी तनू रडली नाय. म्हणाली, "मी अर्धाच खाल्ला होता ना, आजी?" पुन्हा पुन्हा तेच. महिनाभर पोरीला स्वतःचंच खरं वाटत नव्हतं. स्वतःला खादाड समजून ती दिवसाला एक भाकरी खात होती. हे मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते, कारण तुला कळलं पाहिजे.

मी पण तिला विचारलं होतं, खरं सांग किती खाल्लेस. तुझ्या पत्रावर विश्वास ठेवून माझ्या नातीला चोरासारखं विचारलं. ते मी कुणाला सांगू?

तुपाच्या गोष्टीला हसले ते चुकलं असंल. लहानपणी तुला खरंच कमी पडलं असंल, मला माहीत नाय, मी रांगत होते. पण दादा, ज्यानं कमी वाढलं त्याच्यावर रुसायचं असतं. शेजारच्या ताटावर नाय.

तू खरं लिहिलंस. कुणी धरलं नव्हतं तरी लिहिलंस. ते मी मोजते. पण लगेच सगळं पूर्वीसारखं झालं असं लिहायला माझा हात होत नाय. तनू एप्रिलची चाचणी देणार आहे. मॅडमच्या घरी राहील, मॅडमनीच फोन केला. मीही बरोबर जाते, तिच्या जेवणाचं बघायला. चाचणीच्या दिवशी तू हॉलमध्ये येऊ नको. तिला पुढं बघून उचलायचंय. तुझ्याकडं बघून नाय.

यंदाची राखी पोस्टानं येईल.

सत्यभामा


गारखेडा
२७ एप्रिल २०२६

सत्यभामा,

तू मॅडमच्या घरी उतरली आहेस, इथून चालत पंधरा मिनिटांवर. तरी पत्रच लिहितोय. समोर आलो असतो तर हे नीट बोलता आलं नसतं.

तू नको म्हणालीस, तरी काल मी हॉलमध्ये आलो होतो. सगळ्यात मागं, खांबाआड बसलो. तू पुढं होतीस, डोक्यावर पदर, हातात पाण्याची बाटली. तुला कमी ऐकू येतं म्हणून प्रत्येक वेळी शेजारच्या बाईला विचारत होतीस, "झालं का? झालं का?"

तनूचे केस मानेपर्यंत आलेत. अंग भरलंय. तरी त्या बाकीच्या पोरींपुढं ती लहान दिसत होती. या खेळात उचलायचे दोन प्रकार, प्रत्येकात तीन संधी. पहिल्या प्रकारात ती तिसरी राहिली. दुसऱ्या प्रकारात पहिल्या वेळी वजन खांद्यापर्यंत आणलं आणि सोडलं. दुसऱ्या वेळी डोक्यावर नेलं आणि मागं पडलं.

तुला खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही लिहितो. ते वजन पडलं तेव्हा माझ्या छातीत थोडं गार वाटलं. इतकं सगळं होऊन, ते कबूल करून, सूनबाईच्या नजरा सोसून, तरी. क्षणभरच वाटलं, पण वाटलं. मला वाटलं होतं की खरं सांगितलं की हे जाईल. गेलं नाही. शहात्तर वर्षं घरात राहिलेलं आहे, एका पत्रानं कसं जाईल? आता एवढंच झालंय की ते आलं की मला दिसतं, हे तेच.

तिसऱ्या वेळी ती आली, बारपाशी वाकली आणि बराच वेळ तशीच राहिली. मग उचललं. खांद्यावर. थांबली. डोक्यावर. हात थरथरत होते, पाय एका रेषेत आणायला तिला किती वेळ लागला ते मी श्वास मोजून सांगू शकतो. तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे पंचांनी ते मान्य केलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. तू शेजारच्या बाईला गदागदा हलवत होतीस. माझ्या टाळ्या उशिरा आल्या. सगळ्यांच्या थांबल्यावर माझ्या दोन-तीन वाजल्या, त्यामुळं दोघा-तिघांनी मागं वळून बघितलं.

त्यात तनूपण होती.

दुसरी आली ना ती? शिबिराला पहिल्या दोघींना घेणार असं फळ्यावर लिहिलं होतं. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं.

तू आत सामान आवरत होतीस तेव्हा ती मागं आली. मी जिन्यात होतो, निसटायच्या बेतात. पाया पडली नाही. मीही वाट बघितली नाही. गळ्यातल्या टॉवेलनं तोंड पुसत म्हणाली, "आबा, संस्कृतीचा फोन आला होता. म्हणाली, खोली मोठी आहे, खिडकीजवळची कॉट तुझ्यासाठी धरून ठेवते." आमच्या घरी संस्कृती अजून माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. दोघींचं आपसात काय आणि कधी बोलणं झालं, ते मला कुणी सांगितलेलं नाही आणि मी विचारणार नाही.

मी म्हणालो, "तनू, चुकलो गं."

ती म्हणाली, "माहीत आहे. पत्र वाचलंय." मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाली, "आजीनं तुम्हाला येऊ नको म्हणून सांगितलं होतं ना? जा लवकर. मी नाही सांगणार तिला."

तिनं खरंच सांगितलं नसेल. म्हणून मी कळवतो आहे.

तुझा भाऊ
कडुबा